अर्ध्या वाटेवरचे गाव : हुमनाबाद

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला प्रवासी साधारण अर्ध्या वाटेवर आला, की सडकेच्या कडेला हुमनाबाद हे नाव त्याच्या दृष्टीस पडते. तेथे तो उतरतो, चहा घेतो, पाय मोकळे करतो आणि पुढे जातो. कोणी विचारले, ‘हुमनाबाद पाहिले का?’ तर तो उत्तर देतो, ‘वाटेत लागते.’ बीदर जिल्ह्यातल्या या लहानशा बाजारगावाची आजवरची ख्याती बहुधा एवढ्या दोनच शब्दांत सामावली आहे. वाटेत लागणाऱ्या गावात मुद्दाम जावे, तेथे दोन दिवस राहावे, असे काही असते काय?

आयर्लंडमधील लोकांना हा प्रश्न पडत नाही. त्या देशात पाहुण्याला उद्देशून एक जुने अभिवादन रूढ आहे. त्याचा अर्थ ‘शंभर हजार वेळा स्वागत’ असा होतो. तेथे परदेशी पाहुणे राजधानीइतक्याच आवडीने लहान बाजारगावे हिंडतात. गुरांच्या बाजारात सौदा पटला, की विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर शुभशकुनाचे एखादे नाणे परत ठेवण्याची तेथील चाल प्रसिद्ध आहे. १९५८ साली तेथील पर्यटनमंडळाने स्वच्छ व नीटनेटक्या गावांची स्पर्धा सुरू केली आणि पहिला मान डोनेगल परगण्यातील ग्लेंटीज या लहानशा गावाला मिळाला. पाहुणा येतो तो केवळ किल्ला किंवा धबधबा पाहण्यासाठी नव्हे; माणसे आपल्याला ‘या’ म्हणतात हे अनुभवण्यासाठीही तो येतो, हे त्या लोकांनी ओळखले. हुमनाबादची गोष्ट नेमकी येथूनच सुरू होते. कारण या गावात ‘या’ हा शब्द निदान चार भाषांतून ऐकू येतो.

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. त्याची लाल माती आणि खोलगट भागातील काळी जमीन यांचा शेजार या मुलखात जागोजाग दिसतो. खरिपात उडीद, मूग आणि सोयाबीन. रब्बीत ज्वारी व हरभरा. आणि या सर्वांवर मान तुरीचा. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाचे मानचिन्ह मिळाले. मार्गशीर्षात या रस्त्याने गेले, तर पिवळ्या फुलोऱ्याच्या आणि भरत आलेल्या शेंगांच्या तुरीचे पट्टे दूरवर पसरलेले दिसतात. निर्णा, बेमळखेडा, हळ्ळीखेड, दुबलगुंडी ही या परिसरातील मोठी गावे. निर्णा आता चिटगुप्पा या नव्या तालुक्यात मोडते. तथापि पिढ्यान् पिढ्या हुमनाबाद हेच त्याचे तालुक्याचे गाव होते. सरकारने कागदावर रेघ ओढली म्हणून पायाखालची वाट लगेच बदलत नाही. निर्ण्याच्या शेतकऱ्याच्या घरात आजोबांच्या आठवणीतले ‘पेठेला जाणे’ म्हणजे हुमनाबादला जाणे होय.

अशा पेठेत पाहुण्याने पाहावे ते काय? प्रथम आडत बाजार पाहावा. तुरीच्या हंगामात पोत्यांच्या थप्प्या, चाळणीवर चाळले जाणारे धान्य, हमालांची लगबग, मापाड्याचा लयीत चाललेला मोजणीचा आवाज आणि तळहातावर मूठभर दाणे घेऊन फुंकर घालून पाहणारा खरेदीदार, हे दृश्य कोणत्याही नाटकापेक्षा कमी रंगतदार नाही. पूर्वी अशा बाजारांत रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरे. तो काय ठरला हे घेणारा आणि आडत्या जाणत. मालाचा धनी मात्र बाजूला उभा राही. हैदराबाद संस्थानात १९३० साली बाजारांच्या नियमनाचा कायदा झाला, तो अशाच प्रथांना आळा घालण्यासाठी. वजन उघड्यावर, बोली मोठ्याने, कपात किती ते ठरलेले, असा त्याचा रोख होता. बाजारगावाच्या आतिथ्याचा पाया असा रोकडा असतो. ज्या पेठेत परगावच्या माणसाला खरे वजन मिळते, तेथेच त्याला खरा पाहुणचार मिळण्याची आशा असते. वजनात खोट असेल, तर पुढे केलेल्या चहाला काय किंमत?

तो चहा मात्र हुमनाबादेत चुकत नाही, आणि त्याबरोबर चालणारे संभाषण ऐकण्यासारखे असते. निर्ण्याकडचा शेतकरी कानडीत बोलत असतो. उदगीरचा व्यापारी त्याला मराठीत उत्तर देतो. हमाल दखनी उर्दूत मध्येच एखादी कोटी करतो. जहिराबादेकडून आलेला मालमोटारीचा चालक तेलुगूत हिशोब मागतो. कोणी कोणासाठी थांबत नाही, कोणाला दुभाषा लागत नाही. दुकानाच्या पायरीशी अनोळखी माणूस घुटमळला, तर ‘बर्री, कूड्री’ असे कानडीत स्वागत होते. त्याच्या चेहऱ्यावर अर्थबोध उमटला नाही, तर पुढच्याच क्षणी ‘या, बसा’ असे मराठीत, आणि तेही लागू पडले नाही तर ‘आओ जी, बैठो’ असे दखनीत. पाहुण्याची भाषा कोणती हे शोधून काढण्याचे ओझे येथे यजमान स्वतः उचलतो. आतिथ्याची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. मराठी माणसाला तर येथे परकेपणा वाटण्याचे कारणच नाही; कारण आपण घरात ज्यांना अण्णा आणि अक्का म्हणतो, पानात जे तूप वाढतो आणि ज्याने सुपारी कातरतो तो अडकित्ता, हे सारे शब्द कानडीच्याच शेजारातून आपल्या घरी आले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात.

ही बहुभाषिकता पाहुण्यांसाठी मांडलेले प्रदर्शन नव्हे. तिच्यामागे इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात बीदर जिल्हा तीन भाषांच्या तिठ्यावर वसलेला होता आणि राज्यकारभार उर्दूत चाले. घरात एक भाषा, शेजारी दुसरी, पेठेत तिसरी आणि कचेरीत चौथी, हा तेथील नित्यक्रम. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि या जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आज ते महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले; आता ते तेलंगणात आहेत. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. एका जिल्ह्याच्या सोयऱ्याधायऱ्यांमध्ये तीन राज्ये आली. पुढे सीमाप्रश्नाने मोठे रूप घेतले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निर्णय न्यायासनाने करावा. परंतु सीमेवरच्या माणसाने आपल्या परीने एक निर्णय केव्हाच करून टाकला आहे. त्याने शेजाऱ्याची भाषा सोडली नाही.

या निर्णयाला धर्माचे अधिष्ठान देणारे स्थान हुमनाबादपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. ते म्हणजे माणिकनगर. महाराष्ट्रातील दत्तभक्तांना श्रीमाणिकप्रभूंचे नाव नव्याने सांगण्याचे कारण नाही. २२ डिसेंबर १८१७ रोजी, दत्तजयंतीच्या दिवशी, कल्याणजवळच्या लाडवंती गावी त्यांचा जन्म झाला. बालपण कल्याणात गेले. पुढे ते या परिसरात स्थिरावले आणि विरजा व गुरुगंगा या दोन लहान प्रवाहांच्या संगमाशी माणिकनगर वसले. १८६५ सालच्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या संप्रदायाचे नाव ‘सकलमत’. सर्व मते आपापल्या ठिकाणी खरी आहेत, कोणाचेही खंडन करावयाचे नाही, हा त्याचा गाभा. प्रभूंनी पदे रचली ती मराठीत, कानडीत, हिंदुस्थानीत आणि संस्कृतातही. भक्तांनी त्यांना दत्तावतार मानले. लिंगायतांनी त्यांच्यात बसवेश्वर पाहिला आणि मुसलमान भक्तांनी मेहबूब सुभानी. एकाच पुरुषाकडे तीन वाटांनी येणारी ही माणसे एकाच अंगणात बसत. हुमनाबादच्या पेठेत व्यवहारासाठी जे घडते, तेच माणिकनगरच्या दरबारात श्रद्धेने घडत आले आहे.

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा उत्सव आला, की या परिसराचे रूप पालटते. सोलापूर, लातूर, पुणे, मुंबई, हैदराबाद येथून यात्रेकरू येतात. भजन, गायन आणि दरबार यांनी रात्री जागतात. संगीताची परंपरा या पीठाने आरंभापासून जोपासली. गायकांनी येथे येऊन हजेरी लावणे हा सेवेचाच एक प्रकार मानला जातो. ज्याला गर्दीचा कंटाळा आहे, त्याने उत्सव टाळून एखाद्या साध्या दिवशी सकाळी यावे. संगमाच्या काठची शांतता आणि समाधीमंदिरातील गंभीर वातावरण यांचा ठसा मनावर फार दिवस राहतो.

दत्तजयंतीनंतर पंधरा दिवसांनी, मार्गशीर्ष अमावास्येला, या मुलखाचा खरा लोकोत्सव येतो. कानडीत त्याला ‘येळ्ळ अमावास्या’ म्हणतात. लातूर-उस्मानाबादकडे तोच ‘वेळ अमावास्या’ झाला. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी फुलतात. उभ्या पिकात कडब्याची कोपी उभारायची, तिच्यात पांडवांचे दगड मांडून पूजा करायची, सभोवार पिकावर आंबील शिंपडायची आणि मग सर्वांनी मांडी घालून जेवायचे. पालेभाज्या, शेंगा आणि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीची भाकरी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर मडक्यातील थंडगार आंबील. या जेवणाची एक अट अलिखित असते. रस्त्याने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारायची. ओळखीचा की अनोळखी, कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे विचारण्याची रीत नाही. पाहुण्याने ‘आताच जेवलो’ असे म्हटले, तरी त्याची सुटका होत नाही. निदान आंबिलीचा पेला तरी हातात येतोच. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे हा सण अगदी सारखा साजरा होतो. १९५६ ची रेघ शेताच्या बांधाला ओलांडता आली नाही, याचा हा पुरावा होय.

त्यापुढे जानेवारीत हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा भरते. रथ निघतो. वीरभद्राचे उपासक असलेले पुरवंत हातात शस्त्र घेऊन, आवेशाने देवाची स्तुती गर्जत नाचतात. खेळणी, बांगड्या, भांडी आणि शेतीची अवजारे यांची दुकाने लागतात. चिरमुऱ्यांचे ढीग आणि तळणाऱ्या मिरचीभज्यांचा खमंग वास यांनी वाट अडते. महाराष्ट्रातील वीरशैव कुटुंबेही या दर्शनाला येतात. डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने म्हणजे हुमनाबादचे वैभवाचे दिवस. हवा सुखद, शेते भरलेली, घरात नवे धान्य येऊ घातलेले आणि माणसांची मने मोकळी.

मुक्काम हुमनाबादेत ठेवला, तर सभोवतीचा केवढा तरी ऐवज एकेका दिवसात पाहून होतो. जवळच जलसंगी नावाचे खेडे आहे. तेथे चालुक्यकाळातील शिवमंदिर असून त्याच्या बाह्यभिंतीवरील सुंदरींच्या मूर्ती नामांकित आहेत. त्यांतील एक तर लेख कोरण्यात मग्न आहे. ती कोरते ती अक्षरे सहाव्या विक्रमादित्याची कीर्ती सांगतात. दगडातील स्त्रीच्या हाती दगडावरची लेखणी, ही कल्पनाच किती मनोहर! पश्चिमेस बसवकल्याण. चालुक्यांची ही राजधानी. येथेच विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि तिने पुढे शतकानुशतके वारसाचे वाद मिटविले. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी येथेच अनुभवमंटपात सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांना एकत्र बसविले. मराठी रसिकाने कल्याणला जावे, याला आणखी एक कारण आहे. तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कानडी मुलखातील राजाने आपल्या संस्कृत ग्रंथात मराठी ओवीला आसन दिले. हुमनाबादच्या आडत दुकानात आज जे चालते, त्याचा पूर्वज इतका जुना आहे.

ईशान्येस बीदर. बहमनींचा प्रचंड किल्ला, १४७२ साली महमूद गवानाने उभारलेल्या मदरशाची रंगीत कौलांची भिंत, अष्टूरचे मकबरे आणि नानक झिरा येथील गुरुद्वारा, हे सारे पाहण्यास एक दिवस अपुराच. जस्त-तांब्याच्या मिश्रणावर चांदीची नाजूक जडणघडण करून, किल्ल्यातील मातीने तिला काळा रंग आणणारे बिदरी कारागीर कामात असताना पाहणे, हा त्या दिवसाचा कळस ठरावा.

इतके वर्णन ऐकून कोणी म्हणेल, की या मुलखात सदैव गुण्यागोविंदानेच नांदणे झाले काय? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९४८ साली याच परिसरातील गोर्टा गावात रझाकारांनी निरपराध गावकऱ्यांचे हत्याकांड केले. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत बीदरचे नाव घातले. ज्या गावांनी हे पाहिले, ती गावे पुन्हा एका बाजारात आली, एकमेकांच्या मालाला हात लावू लागली, एकमेकांच्या सणाला आंबील घेऊ लागली. म्हणून हुमनाबादच्या ‘या, बसा’ या शब्दांना हलके लेखू नये. हे शब्द भाबड्या माणसांचे नव्हेत. शेजार तुटला म्हणजे काय होते, हे जाणणाऱ्या लोकांनी तो पुन्हा जोडला, त्याची ती खूण आहे. एकदा मोडून पुन्हा सांधलेली वस्तू जपावी लागते, हेही ते जाणतात.

आज मात्र या शेजाराला वेगळाच धोका आहे. तो वैराचा नाही, वेगाचा आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग रुंद झाला. मोटारी पूर्वीपेक्षा भरधाव जातात. माणिकनगरला येणारा यात्रेकरू थेट मंदिरापाशी उतरतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परततो. पेठेत त्याचे पाऊल पडत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाला, हुमनाबादला रेल्वे मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण गाडी आली म्हणजे पाहुणा आला असे होत नाही. जो थांबत नाही त्याला सीमेपलीकडचा माणूस केवळ वर्तमानपत्रातील वादातूनच कळतो आणि मग तो आपला शेजारी आहे हे विसरणे सोपे जाते.

म्हणून थोडे यजमानाने करावे आणि थोडे पाहुण्याने. ग्लेंटीजसारख्या गावाने जे केले, ते करण्यास फार मोठ्या द्रव्याची गरज नसते. पेठेतील रस्ते स्वच्छ असावेत, पाहुण्याला, विशेषतः स्त्रियांना, निवांत उतरता येईल अशी सोय असावी. जलसंगीची वाट दाखविणारी पाटी कानडीबरोबर मराठी वाचकालाही कळेल अशी असावी. आणि मराठी पाहुण्याने येताना कानडीचे चार शब्द शिकून यावे. समोरचा आपली भाषा चार भाषांतून शोधून काढतो, तर त्याच्या भाषेतील एक ‘नमस्कार’ आणि एक ‘बरं आहे’ एवढे तरी आपण त्याला देणे लागतो.

मार्गशीर्षातील एखादा दिवस धरून निघावे. हुमनाबादला उतरावे, आडतीच्या पायरीवर बसून चहा घ्यावा, सायंकाळी माणिकनगरच्या संगमावर जावे, आणि अमावास्या जवळ असेल तर निर्ण्याकडच्या शिवारातून पायी हिंडावे. कडब्याच्या कोपीतून कोणीतरी हाक मारील. कोणत्या भाषेत मारील ते सांगता येत नाही. पण ती हाक आपल्यालाच आहे, याविषयी पाहुण्याच्या मनात शंका उरणार नाही. त्या पंगतीतून उठून तो परत निघेल, तेव्हा कोणी विचारले, ‘हुमनाबाद पाहिले का?’ तर तो ‘वाटेत लागते’ असे म्हणणार नाही. ‘तिकडे आपली माणसे आहेत,’ असे म्हणेल.